कुलथेअण्णांचं आभारप्रदर्शन

आभार मानण्याला माझा तत्त्वतः विरोध आहे. आमच्या पत्रकांतून मी हे वारंवार लिहिलं आहे, आणि त्या पत्रकांत भजी बांधून नेणाऱ्या नगरकरांनीही कागदाला तेल लागण्यापूर्वी ते वाचलं असेल अशी माझी समजूत आहे. ज्याचं आहे ते त्याला मिळालं, तर आभार कसले? सरकार काय स्वतःच्या खिशातून देतं? आभार मानणारा माणूस अर्धा वाकलेला असतो, आणि वाकलेल्या पाठीवर बसायला कुणी ना कुणी टपलेलाच असतो. हे माझं मत होतं आणि अजूनही आहे. ते सांगून टाकलं म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळा. कारण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे, त्यानं जन्मभर आभार मानण्यापलीकडे सार्वजनिक असं काही केलं नाही.

कुलथेअण्णा कचेरीत आवक-जावक टेबलावर होते. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. उंची बेताची, अंगात काळा कोट, त्याची कोपरं झिजून आरशासारखी चकचकीत झालेली. डोक्यावर टोपी, गळ्यात बारा महिने मफलर. मफलर गळ्यासाठी आहे, असं ते सांगत. गवई लोक जपतात तसं. आवाज मात्र अंगाच्या मानानं फारच मोठा दिला होता देवानं. बँडवाल्याचा कर्णा चुकून बासरीच्या पेटीत ठेवावा तसा.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाचं सभागृह म्हणजे एक लांबट खोली. तिथं दर शनिवारी संध्याकाळी काहीतरी असे. व्याख्यान, भजन, पाककृती, सापांची माहिती, परदेशी जाऊन आलेल्या कुणाचे तरी अनुभव. अण्णा वाचनालयाचे अध्यक्ष नव्हते, कार्यवाह नव्हते, सभासद होते की नाही तेही नक्की नाही. पण कार्यक्रम कुणाचाही असो, शेवटी आभार मानायला तेच उठत. कुणी नेमलं, कधी नेमलं, कुणालाच आठवत नव्हतं. पेठेत त्यांना कुणी कुलथे म्हणतच नसे. "आभारवाले अण्णा कुठं राहतात?" असं विचारलं, की पोरंसुद्धा बोट दाखवत.

आणि ते मानत तरी किती आभार! वक्त्याचे मानत, ते ठीक. वक्त्याला ज्या टांग्यातून आणलं त्या टांगेवाल्याचे मानत. सतरंजी देणाऱ्याचे, सतरंजी झटकणाऱ्याचे, पेट्रोमॅक्स पेटवणाऱ्याचे, आणि पेट्रोमॅक्स विझला तेव्हा गडबड न करणाऱ्या महिलावर्गाचे. एकदा डोळ्यांचे एक डॉक्टर ठरवून आलेच नाहीत. तासभर वाट पाहून लोक उठायला लागले, तर अण्णा उभे. "डॉक्टरसाहेब येऊ शकले नाहीत, त्याअर्थी कुणाच्या तरी डोळ्यांवर ते या क्षणी उपचार करत असणार. त्या अज्ञात रुग्णाला आराम पडो, आणि त्यानं आपल्याला ही शांत संध्याकाळ दिली, त्याबद्दल त्याचे..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर त्या वेळी सिनेमाला बसले होते, हे पुढं कळलं.

आता तुम्ही म्हणाल, लोक हे ऐकून कसे घेत? निघून का जात नसत? त्याला कारण अब्बासभाई.

वाचनालयासमोर अब्बासभाईंचं चहाचं हॉटेल होतं. कार्यक्रमाच्या दिवशी कार्यक्रम सुटल्यापासून एक तास चहा निम्म्या दरात, अशी त्यांची पद्धत. महागाईच्या त्या दिवसांत लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'स्वस्ताईचा तास'. त्या एका तासात अख्खी पेठ तिथं. वकील आणि विडीकामगार एका बाकावर, बायका आतल्या बाजूला, सावेडीकडे नवे बंगले बांधलेले लोकसुद्धा स्कूटर लावून निम्म्या चहाला हजर. व्याख्यानात डुलक्या घेणारे इथं येऊन त्याच व्याख्यानावर तावातावानं भांडत. कुणाची मुलगी द्यायची आहे, कुणाची गाय गाभण आहे, कुठल्या रेशनच्या दुकानात रॉकेल आलं, सगळं त्या तासात. आणि तास सुरू कधी व्हायचा? अण्णांचे आभार संपले की. त्याआधी अब्बासभाई निम्म्या दराचा कप देत नसत. "आभार सुना नहीं, चाय का हक नहीं," असं रोखठोक सांगत.

आधण कधी ठेवायचं याचा त्यांचा हिशेब पक्का होता. अण्णा आभारात तीनदा 'शेवटी' म्हणत. पहिल्या 'शेवटी'ला कुणी हालत नसे. दुसऱ्याला अब्बासभाई आधण ठेवत. तिसऱ्याला पत्ती टाकत. लोक सभागृहातून बाहेर यायला आणि चहा उकळायला एकच गाठ.

अण्णांच्या घरची गोष्ट वेगळी. मी एकदा कार्यक्रमाची घडीची खुर्ची परत द्यायला गेलो होतो, तेव्हा काकूंनी मला ओट्यावर बसवून बाजू मांडली. "मांडवाच्या खुंटीचे आभार मानतात हो बाहेर. घरात 'भाजी बरी झालीय' एवढं ऐकायला माझे कान आसुसले. मीठ कमी पडलं की मात्र लगेच बोलतात. आणि तेही तीनदा!"

आतून अण्णांचा आवाज आला, "घरात कसलं आभारप्रदर्शन? श्रोते कुठं आहेत?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण दुष्काळ पडला.

पूर्वेकडच्या तालुक्यांतली कुटुंबं, पाथर्डीकडची, शेवगावकडची, खडी फोडायच्या कामावर नगरच्या आसपास आली. भिंगारकडे जाताना नाल्यापलीकडे त्यांची वस्ती उभी राहिली. गोणपाटाची पालं, वर बाभळीच्या फांद्या. विहीर नाही, नळ नाही. टँकर यायचा, पण त्याच्या मनात येईल तेव्हा. कधी दोन दिवस लागोपाठ, कधी आठवडा कोरडा. आम्ही पाचसहा जण तिथं जायला लागलो, पत्रकं काढायला लागलो. आमची मागणी एकच होती: रोज एक टँकर. वस्तीच्या बायकांत गयाबाई म्हणून एक होती, चाळिशीची, हातात खडीची हातोडी तशी तोंडात जीभ. ती आमचं पत्रक हातात घेऊन म्हणायची, "ह्यो कागद लई ग्वाड हाय रं बाबा. पन ह्यात पानी कुठं हाय?"

एका शनिवारी निम्म्या चहावर मी अण्णांना गाठलं. त्यांनीच सुरुवात केली.

"काय पत्रकवाले, आज कुणाचा निषेध?"

"तुमचा," मी म्हटलं. "माणसं पाण्यावाचून तडफडतायत आणि तुम्ही सतरंजीचे आभार मानताय."

"मग सतरंजीचा निषेध करू?"

"अण्णा, पाणी हा हक्क आहे. लोकांना तुम्ही हात जोडायची सवय लावता."

अण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तुझ्या निषेधानं आजवर किती घागरी भरल्या?"

"तुमच्या आभारांनी किती भरल्या?"

"तेवढ्याच," अण्णा म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

अब्बासभाई गल्ल्यावरून म्हणाले, "दोनो मिलके मेरा पानी मत पिओ जादा. मटका आधा है."

त्यातूनच कार्यक्रम ठरला. टंचाईचं काम बघणाऱ्या साहेबांना वाचनालयात बोलवायचं, वस्तीच्या बायकांना पुढं बसवायचं आणि सगळ्यांसमक्ष टँकरचं विचारायचं. साहेब अण्णांच्याच कचेरीतले. बोलावणं अण्णांनीच नेलं. साहेबांना हार आवडतात, हे आवक-जावक टेबलाला ठाऊक होतं.

संध्याकाळी सभागृह भरलं. बायका पुढं सतरंजीवर, लुगड्यांवर खडीची पांढरी धूळ. गयाबाईनं उभं राहून विचारलं, "सायेब, आमाला रोज एक टँकर पायजे. द्याल का न्हाई, येवढंच सांगा." साहेब हार गळ्यात ठेवूनच बोलायला उठले. पावसाचं चक्र, भूगर्भातलं पाणी, शासनाची तळमळ, जनतेचा संयम. हे सगळं झाल्यावर टँकरबाबत: प्रस्ताव विचाराधीन आहे, डिझेलची अडचण आहे, पाहू. द्याल का नाही, याचं उत्तर 'पाहू'. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मी उठून घोषणा देणार होतो. दिली असती तर पोलिसांनी बाहेर काढलं असतं, पत्रकाला मजकूर मिळाला असता आणि वस्तीला नेहमीप्रमाणे काही नाही.

तेवढ्यात अण्णा आभाराला उठले.

इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे, आणि ती पेठेत सर्वांना माहीत होती. अण्णा भाषणं ऐकत नसत. वक्ता सुरू झाला की खुर्चीत ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, ते झोपत. डोळे थोडे उघडे राहत, त्यामुळे वक्त्याला कळत नसे. आभार घरूनच तयार असत. त्यांचं म्हणणं, "डॉक्टर असला की व्यायाम करा म्हणतो. मास्तर असला की संस्कार. बँकवाला बचत. आणि अधिकारी शेवटी काहीतरी जाहीर करतो. ऐकायचं काय त्यात?" इतक्या वर्षांत हा अंदाज चुकलेला नव्हता.

टांगेवाला झाला, सतरंजी झाली, पेट्रोमॅक्स झाला. दुसरं 'शेवटी' आलं. समोर अब्बासभाईंच्या शेगडीवर आधण चढलं. आणि अण्णांचा कर्णा वाजला:

"आणि शेवटी, उद्या सकाळपासून नाल्यापलीकडच्या वस्तीला दररोज एक टँकर देण्याचं माननीय साहेबांनी आपल्या भाषणात जे जाहीर केलं, त्याबद्दल या माताभगिनींच्या वतीनं मी साहेबांचे..."

पुढचं ऐकू आलं नाही. आधी गयाबाईनं टाळी वाजवली. ती हसत नव्हती; पक्की होती बाई. तिच्या मागून सगळ्या बायका, मग सगळं सभागृह. साहेब अर्धवट उठले, अर्धवट बसले. एका बाईनं पुढं होऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. गावातल्या वर्तमानपत्राच्या माणसानं लिहून घेतलं. त्या गोंधळात 'मी असं बोललोच नाही' म्हणायला जे काळीज लागतं, ते साहेबांपाशी नव्हतं. शिवाय गळ्यात हार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. तिसऱ्या दिवशी आला. चौथ्या दिवशीही.

आम्ही आनंदानं वेडे झालो. मी पत्रकाचा मसुदा घेऊन अब्बासभाईंकडे चहाला बसलेल्या अण्णांकडे गेलो. 'एका कारकुनाचा गनिमी कावा' असा मथळा होता. अण्णांनी तो वाचला आणि घडी करून बशीखाली ठेवला.

"हे छापू नकोस."

"का? घाबरलात?"

"खोटं आहे म्हणून. मी झोपलो होतो."

"पण अण्णा, असं सांगायला काय जातं..."

"मला वाटलं, टँकर म्हणाले असतील. नेहमी काहीतरी म्हणतात. या माणसानं काहीच जाहीर केलं नाही, हे मला आज कळतंय, आणि तेही त्यांच्याच तोंडून." मग खाली बघत म्हणाले, "बोलावलं होतं आत."

साहेबांनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी पेटीवादनाचा कार्यक्रम आहे, त्याला मी येतो. तुम्ही उठून सांगायचं, मागच्या वेळी अनवधानानं चुकीचं बोललं गेलं, तशी घोषणा झालेली नव्हती. एकदा तुम्ही ते जाहीर केलं की टँकर पुन्हा पहिल्यासारखा. नाही केलं, तर पूर्वेकडच्या तालुक्याला एक जागा रिकामी आहे.

माझा संताप अनावर झाला. मी बाकावर मूठ आपटली, दोनतीन कप हलले. अब्बासभाई म्हणाले, "अरे आभारच आहेत ना? वापस ले लो."

"अब्बासभाई," अण्णा म्हणाले, "गिऱ्हाइकाला दिलेला चहा तुम्ही परत किटलीत ओतता का?"

अब्बासभाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "कधीकधी ओततो."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. नोकरीची दोनच वर्षं उरली होती, बदली काही मरण नव्हे, असं मी त्यांना समजवायला लागलो. धीर द्यायचा म्हणजे आम्हाला भाषणच करता येतं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"तू गेलायस तिकडे?"

"गेलोय. का?"

"तिथं शनिवारी काय असतं?"

"बाजार असेल. किंवा काहीच नाही."

"तेच," अण्णा म्हणाले. "तिथं कार्यक्रम होत नाहीत रे."

मला हसू आलं आणि ते गिळावं लागलं. एवढ्या दुष्काळात हा माणूस कसला दुष्काळ घेऊन बसला होता! पण त्यांचा चेहरा पाहिल्यावर, पत्रकांत आपण दुःखांचा जो क्रम लावतो तो त्यांच्यापुढं वाचून दाखवायचं धैर्य मला झालं नाही.

पेटीवादनाला साहेब आले, पुढच्या खुर्चीत बसले. गयाबाई आणि वस्तीतल्या चारदोन बायका दाराशी उभ्या राहिल्या. सभागृहात काय चाललंय त्याची कुणकुण सगळ्यांना होती. पेटीवाला बिचारा जीव तोडून वाजवत होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं. अण्णांच्या खुर्चीकडे मी सारखा बघत होतो. डोळे पूर्ण उघडे होते. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी एक कार्यक्रम ऐकला.

आभाराला उठले. पेटीवाला, तबलजी, सतरंजी. पहिलं 'शेवटी' झालं. दुसरं झालं. मग थांबले. मफलर सैल केला, पुन्हा आवळला.

"शेवटी," अण्णा म्हणाले, "मागच्या कार्यक्रमात माझ्याकडून एक चूक झाली."

साहेबांनी पाय लांब केले, खुर्चीत रेलले. दाराशी गयाबाईनं शेजारणीचं मनगट धरलं.

"साहेबांच्या टँकरबद्दल मी आभार मानले. पण तो टँकर आपल्या वस्तीला रोज पहाटे घेऊन येणारे जे ड्रायव्हर, त्यांचा उल्लेख राहून गेला. हे बरोबर झालं नाही. आभारात असं माणूस गाळून चालत नाही. तरी रोज येणाऱ्या आणि यापुढंही रोज येत राहणाऱ्या त्या ड्रायव्हरबंधूंचे..."

टाळ्यांनी पत्रे वाजले. साहेब उठून गेले. हाराला थांबले नाहीत. त्या दिवशी अब्बासभाईंचा चहा उकळून उकळून कडू झाला होता, आणि सगळी पेठ तो 'वा वा' म्हणत प्यायली. गयाबाई आत येऊन अण्णांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, तुमी लई बोलता. पन आज बोललात ते झ्याक बोललात."

बदलीचा हुकूम आला तो थंडीच्या सुरुवातीला. साहेबांना टँकर बंद करता आला नाही. ते आता वर्तमानपत्रात दोनदा छापून आलं होतं. हुकूम रद्द व्हावा म्हणून आम्ही पत्रक काढलं, सह्या गोळा केल्या. काही झालं नाही.

ज्या सकाळी ते निघाले, त्या सकाळी मी ट्रंक उचलायला गेलो होतो. काकू बिऱ्हाड मिळेपर्यंत मागं राहणार होत्या. दारात त्या म्हणाल्या, "लोकरीचं ट्रंकेत वर ठेवलंय. आणि तिथं कुणाला काही बोलू नका म्हणजे झालं." अण्णांनी "बरं" म्हटलं आणि चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

टांग्यात बसल्यावर म्हणाले, "पाथर्डीची गाडी भिंगारवरनंच जाते ना? मग वस्तीपाशी थांबू. तिथं हात केला की थांबवतात. मी अजून तो टँकर पाहिलेला नाही."

खरंच पाहिलेला नव्हता. वस्तीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. सभागृहाबाहेरच्या जगात त्यांना फारसं काम नसे.

आम्ही पोचलो तेव्हा टँकर उभा होता. गयाबाई वर चढून पाइप धरून ओरडत होती, खाली हंडे, घागरी, डबे, तेलाची पिंपं यांची वाकडीतिकडी ओळ. अण्णांचा कोट ट्रंकेत, टोपीवरून मफलर कानाला बांधलेला. त्या वेषात त्यांना कुणी ओळखलं नाही. ते ओळीच्या कडेनं कौतुकानं बघत चालले होते, तर एका म्हातारीनं त्यांना हटकलं.

"ओ बाबा, मधी मधी काय करता? रिकामे हाय ना? मग ह्यो माझा हंडा बगा. पोर पालात रडतंय, मी आली बगा लगी. कुनाला म्होरं घुसू देऊ नगा."

आणि ती गेलीसुद्धा. अण्णा हंड्यापाशी उभे राहिले.

मी ट्रंक घेऊन सडकेवर आलो. थोड्या वेळात नगरच्या बाजूनं गाडी येताना दिसली. मी हात केला, ड्रायव्हरनं कुरकुरत गाडी थांबवली, कंडक्टर दार उघडून ओरडायला लागला.

"अण्णा! गाडी!"

त्यांनी वळून पाहिलं. पालांकडे पाहिलं. म्हातारी कुठं दिसत नव्हती. एका हातानं त्यांनी मला गाडी थोपवून धर अशी खूण केली. तेवढ्यात ओळ पुढं सरकली. मागच्या बाईनं आपली घागर रेटली. अण्णांनी घाईघाईनं धोतराचा सोगा कमरेला खोचला, वाकले, आणि तो रिकामा हंडा दोन्ही हातांनी उचलून एक पाऊल पुढं नेऊन ठेवला.